उलट्या काचेतला कंदील

३ डिसेंबर १९६१

वही नवी आहे, पेन्सिल जुनी, आणि लिहिणारा अजून टेंपरवारी. कमलाकांत साहेब आज सगळ्यांसमोर म्हणाले, या लाइनमधून वीज सुटेपर्यंत जे टिकतील त्यांची नावं मी कायमसाठी पाठवीन. ‘टिकतील’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागे रेल्वेच्या कामावरून मी घरच्या आठवणीनं पळून आलो होतो, हे त्यांच्या कानावर कोणी घातलं देव जाणे. देव आम्ही सोडला, तरी तोंडात राहिलाच आहे.

गाडीवाट नाल्यापाशी संपते. तिथून पुढं सातपुड्याची चढण, साग, धावडा आणि बांबू. टॉवरचं लोखंड, सिमेंट, वाळू, प्यायचं पाणीसुद्धा खांद्यावरून आणि डोक्यावरून येतं. कोरकू गडी आणि बाया वाहतात. मी सर्व्हेचा मिस्त्री, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून टॉवर कुठं उभा राहील ते सांगायचं आणि बाकीच्यांचा घाम पाहायचा.

गंमत अशी की या कड्यावरून आमचं पिंपळखेड दिसतं. तेल्हारा तालुक्यात, अगदी डोंगराच्या पायथ्याला. कावळ्याला जवळ, पण पायी उतरायचं तर अख्खा दिवस मोडतो.

ललिताशी ठरवून आलो आहे. रोज दिवेलागणीला तिनं घराच्या सपाट धाब्यावर चढून कंदील हलवायचा, मी कड्यावरून गॅसबत्ती हलवायची. ज्या दिवशी कंदील दिसणार नाही त्या दिवशी समजायचं की घरी काही बिघडलं, आणि मी तडक खाली. बा म्हणाला, ‘‘पायजे कशाले हे खेळ?’’ बाचं नाव पुंजाजी, बोलणं असं तोडून. आई नाही, घरात सासरा-सून दोघंच.

निघताना ललिता एक सांगत होती. ‘‘अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईचं शिकवून राहिले म्हणते. सातवी पास पोरी पायजेत. मी पास आहे.’’

मी म्हटलं, ‘‘लाइन होऊ दे, मग पाहू.’’

‘‘तवापर्यंत नावं घेणं बंद होईन.’’

मी तिला दुर्बिणीत सगळं उलटं कसं दिसतं ते सांगायला लागलो. ती हसली. तिला हसवणं मला जमतं.

९ डिसेंबर

दिसला.

दिवसा उजेडीच मी दुर्बीण घरावर लावून ठेवली होती. निंबाचं झाड, विहाराचं निशाण, त्यामागं आमचं धाबं. कोन पक्का करून स्क्रू आवळला, म्हणजे अंधारात शोधायला नको. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. झाडं खाली लोंबतात आणि आभाळ पायाशी येतं. दिवेलागणीला काचेतल्या फुलीवर एक पिवळा ठिपका आला, तीनदा झटझट खाली गेला. म्हणजे तिनं तीनदा झटझट वर उचलला. तिचं सगळं असंच, भाकरी थापते तीही अशी.

मी गॅसबत्ती इतकी हलवली की तिची मेंटलची जाळी गळून पडली. शालिकराम मुकादम म्हणाला, ‘‘भाऊ, बत्ती सरकारी हाय, बायको तुई हाय, दोघीईले जरा जपून.’’ हा शालिकराम लाखनवाड्याचा, सहा पोरांचा बाप. तार ओढणाऱ्या टोळीचा मुकादम आणि सगळ्या बाबतीत जाणकार.

२२ डिसेंबर

साहेबांनी आज पकडलं. मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

‘‘देवराव, सरकारी दुर्बिणीतून काय पाहतोस?’’

‘‘गाव, साहेब.’’

त्यांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, ‘‘गाव फार लहान आहे रे तुझं. एका कंदिलाएवढं.’’ आणि जाता जाता, ‘‘काच पुसून ठेवत जा.’’ अमरावतीचा माणूस, त्यांच्याही घरी अनसूयाबाई आहेत आणि त्यांच्याकडे तर अशी सोयही नाही.

९ जानेवारी १९६२

आज ललिताला काय झालं होतं कोण जाणे. तीनदा हलवून कंदील खाली जायचा, तर गेलाच नाही. पुन्हा तीनदा, पुन्हा तीनदा. मग नुसताच वर धरून ठेवला, मग पुन्हा हलवला. मीही थांबलो नाही. थंडीनं बोटं वाकडी झाली होती. शेवटी मीच आधी बत्ती खाली ठेवली, कारण भाकरी गार होत होती.

फार आठवण आली असेल तिला. मलाही आली. इथं माणसं पुष्कळ आहेत, पण आपलं म्हणून रागावणारं कोणी नाही.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. तीळगूळ साहेबांच्या डब्यातला.

कंदील पाच-सहा दिवस वेगळाच दिसतो. अंधार पडायच्या आधीच लावलेला असतो. काचेत पूर्वीपेक्षा वरच्या अंगाला दिसतो, म्हणजे खरा खाली. धाब्यावर नाही, अंगणात. आणि झटझट तीनदा नाही, तर हळूहळू एकदाच वर जातो, थरथरतो आणि हळूहळू उतरतो. मी बत्ती हलवली की पूर्वी लगेच उत्तर यायचं. आता बत्ती हलवतो, आणि कंदील आपल्या जागी बसून राहतो, माझी बत्ती दिसलीच नसावी तसा. मग थोड्या वेळानं, कोणी सांगितल्यासारखा, उचलला जातो.

रागावली असेल का? त्या दिवशी मी आधी बत्ती ठेवली म्हणून?

२९ जानेवारी

शालिकरामनं कोडं सोडवलं. मी सगळं सांगितलं तशी त्यानं बिडी विझवून कानावर ठेवली.

‘‘दिवाळीले घरी होता नं?’’

‘‘होतो.’’

‘‘मंग इचारून काय राहिला? बाई पोटुशी असन. शिडी चढत नाई म्हणून अंगणातून दाखवते. हात जड झाला असन. आमच्या घरी सहा येळा पाह्यलं मी.’’

मी उठलो, तो थेट कड्यावर गेलो. दिवस अजून मावळलाही नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली, केशरबाई शेजारीण दर महिन्याला विचारते आणि ललिता दर महिन्याला मान खाली घालते. आता मान खाली घालायचं कारण नाही.

सगळ्या टोळीला गूळ वाटला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, पण शालिकरामच्या पोटात काही राहत नाही. कोरकू बाया माझ्याकडे पाहून हसत होत्या.

१९ फेब्रुवारी

तीन टॉवर उभे झाले. खालून वर पाहिलं की मान दुखते. चढाईच्या पट्ट्यात साग आडवे पडले आहेत, चिकाचा वास दिवसभर नाकात राहतो.

एका कोरकू बाईकडून बांबूचा पाळणा विणून घेतला आहे. शालिकराम म्हणाला, ‘‘पोरगं व्हायच्या आंधी पाळणा घरात नेत नाई कोणी.’’ मी म्हटलं, आम्ही छप्पन सालीच असलं सगळं सोडलं. बोललो खरं, पण रात्री पाळणा तंबूबाहेर ठेवला.

मुलगी झाली तर शालू नाव ठेवावं असं मनात आहे. शालू ललिताची धाकटी बहीण. बाळंतपणात गेली. दाई म्हातारी, कंदिलातलं तेल संपलेलं, आणि शेजारून तेल येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून ललिता घरातल्या कंदिलात कधी तेल कमी पडू देत नाही. नाव ठेवलं तर तिला बरं वाटेल की वाईट, हे विचारायला पाहिजे. किती तरी विचारायचं साचलं आहे.

१७ मार्च



तार गुंडाळलेलं पिंप चढावर नेताना दोर सुटला. पिंप मागं आलं आणि शालिकराम त्याच्या वाटेत. पाय मांडीपासून चेचला. जीव आहे. खाटेवर घालून पलीकडच्या रेल्वे स्टेशनाकडे नेला. जाताना मला म्हणाला, ‘‘भाऊ, पाळण्याची काळजी घे.’’ स्वतःच्या पायाचं नाव नाही.

मी गाठोडं बांधलं. नको ती कायमची नोकरी. माझं मूल येणार आहे आणि मी इथं लोखंडाखाली मरायला बसलो आहे. तरी ठरलं होतं म्हणून दिवेलागणीला काचेपाशी गेलो. कंदील नव्हता. वाट पाहिली. अंधार दाटला. नव्हताच. खोटं कशाला लिहू, मला मनातून बरं वाटलं. आता उतरायला कारण मिळालं होतं.

गाठोडं खांद्याला मारलं, शेवटचं म्हणून डोळा लावला, तर ठिपका आला. नेहमीपेक्षा बारीक, एका अंगाला कललेला. एकदाच उचलला गेला आणि जमिनीला टेकला. पण आला.

अशा अवस्थेत ती रोज येऊन उभी राहते आणि मी गाठोडं बांधतो? लाज वाटली. गाठोडं सोडलं.

१४ एप्रिल

काल संध्याकाळचं आज लिहितो. काल लिहिणं शक्य नव्हतं.

जयंतीसाठी साहेबांनी सुट्टी दिली. पाळणा डोक्यावर घेऊन उजाडताच निघालो, गावात शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. वाटेभर एकच मजा मनात घोळत होती, की आज ती कंदील घेऊन डोंगराकडे पाहत असेल आणि मी मागून जाऊन उभा राहीन.

मागून जाऊन उभा राहिलो.

अंगणात बा होता. निशाणाच्या बांबूला कंदील बांधून, दोन्ही हातांनी बांबू वर ढकलत होता. खांदे थरथरत होते. कुंपणापलीकडे केशरबाई डोंगराकडे तोंड करून उभी.

‘‘आला का व?’’ बानं विचारलं.

‘‘नाई, बाप्पा. आज दिसून नाई राह्यला.’’

‘‘नीट पाह्य. साहेबानं कामाले लावलं असन. येईन.’’

तो बांबू तसाच धरून राहिला. त्याचे डोळे मोतीबिंदूनं इतके गेलेत की त्याला डोंगरच दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. केशरबाई पाहून सांगायची, मग तो कंदील उचलायचा. म्हणून उत्तर उशिरा यायचं.

पाळणा खाली ठेवला तसा आवाज झाला.

‘‘बा, ललिता कुठं हाय?’’

तो वळला, पण बांबू सोडला नाही. ‘‘तू कावून आला?’’

‘‘ललिता कुठं हाय?’’

‘‘अकोल्याले. नर्सबाईचं शिकून राहिली. संक्रांतीच्या आंधी गेली.’’

‘‘मले न सांगता?’’

‘‘तुले सांगतलं होतं तिनं. तुनं आयकलं नाई.’’

केशरबाई पाळण्याकडे पाहत होती, मग घरात निघून गेली. बानं बांबू कुंपणाला टेकवला, खाली बसून चाचपडत पाळण्याच्या कडेला हात लावला. बोटांनी वीण तपासली, आत बोटं घातली आणि काय आहे ते त्याला समजलं.

‘‘तुले असं वाटलं होतं?’’

मी ओरडलो. बापावर आजवर कधी ओरडलो नव्हतो. म्हटलं, मला फसवलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘ती म्हणे, आठ रोजात त्याईले खरं सांगजा. मीच नाई सांगतलं. तू उतरून आला असता. रेलवेची सोडली, हेई सोडली असती. आन तिले वापस आणलं असतं. मले दोघंईचं भलं पायजे होतं.’’

मार्चातल्या त्या दिवसाचंही कळलं. कंदील घेऊन येताना तो ओट्यावरून पडला होता. काच फुटली. केशरबाईची चिमणी मागून आणली, म्हणून उशीर झाला. त्याच्या कोपरावर अजून खपली आहे.

सगळा दोष दुर्बिणीला देता येत नाही. कोन बरोबर होता. मी तिथं माणूस माझ्या मनाचं उभं केलं होतं.

आज गावात जयंतीची मिरवणूक निघाली. मी गेलो नाही.

१६ एप्रिल, अकोला

तिला घेऊनच यायचं, असं ठरवून गेलो होतो.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात ती आली. पांढरं लुगडं, केस आवळून बांधलेले. वाळली आहे. मला पाहून चालता चालता थांबली आणि पदर सारखा केला.

‘‘रागावले?’’

‘‘चल घरी.’’

‘‘लाइन अर्धी टाकून तुमी येता काय?’’

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी. तिनं कशी वेगळी ते विचारलं नाही. मग मला एका खिडकीपाशी घेऊन गेली. आत खाटा होत्या आणि छताला दिवा. भर दुपारी लावलेला. ती म्हणाली, ‘‘इथं बटन दाबलं का उजेड. शालूच्या येळेले दाईले काईच दिसलं नाई. मी पहिल्या दिवशी या दिव्याखाली उभी राहून लय रडली.’’

मग म्हणाली, ‘‘जायच्या आदल्या संध्याकाळी मी किती येळ कंदील हालवला. हात भरून आला. मले वाटलं, तुमाले समजन.’’

‘‘मले वाटलं, आठवण आली असन.’’

‘‘मंग? आठवणच आली होती.’’

पाळण्याचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, ‘‘ठेवा. मोडू नका. लागन तो. पण मी इथंच येईन, या दिव्याखाली.’’

घंटा झाली, ती गेली. वळून पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी जमिनीकडे पाहत होतो. दवाखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावरच्या तारा डोक्यावरून जात होत्या. सगळीकडे तारा. इतकी चीड मला तारांची कधी आली नव्हती.

२१ एप्रिल

कड्यावर परत. बासमोरून तोंड फिरवून निघालो. साहेबांनी एवढंच विचारलं, ‘‘घरी ठीक?’’ मी ठीक म्हटलं.

दुर्बिणीपाशी गेलो नाही. काल नाही, परवा नाही, आजही नाही. कोणासाठी जायचं?

२४ एप्रिल

गेलो.

जेवताना मनात आलं, केशरबाई सांगत असेल, ‘‘नाई दिसून राह्यला,’’ आणि म्हातारा बांबू धरून उभा असेल. ताट सरकवून उठलो. कंदील होता. अंगणात, थरथरणारा. तीन महिने मी या थरथरीकडे पाहून हसलो, तिला लाडानं काय काय म्हटलं, मुलाची नावं सांगितली. आणि समोर माझा बाप होता, त्याच्या दुखऱ्या खांद्यानं.

बत्ती हलवली. थोड्या वेळानं कंदील उचलला गेला. मी रडलो. आजूबाजूला कोणी नव्हतं.

८ मे

शालिकरामचा निरोप आला. पाय वाचला, लंगडेल. पाळण्याचं विचारतो आहे. काय कळवू?

तार शेवटच्या टॉवरवर चढली. लाइन आमच्या गावावरून जाते, पण गावात थांबत नाही. वीज अकोल्याला जाणार. साहेब म्हणतात, बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचते. मला मोठी गंमत वाटली. मी खुणा मारलेल्या वाटेनं, माझ्या तारेवरून, ती माझ्याआधी ललिताकडे पोचणार. आणि मी इथंच.

दिवस लांबले आहेत. दिवेलागण उशिरा होते आणि तोपर्यंतचा वेळ जात नाही. अकोल्याच्या दिशेला दुर्बीण फिरवून पाहिली. आभाळाच्या कडेला धुरकट उजेड आहे. त्यातला तिचा दिवा कोणता, हे कोणत्याही कोनावर सापडत नाही.

२ जून

उद्या वीज सुटणार. सगळ्यांना आपापल्या टॉवरपाशी राहायचा हुकूम आहे. पावसाच्या आत झालं म्हणून साहेब खूश आहेत. कायमच्या यादीत माझं नाव त्यांनी लिहिलं, मला दाखवलंही. मी मान हलवली. पूर्वीचा असतो तर नाचलो असतो.

संध्याकाळी बासाठी म्हणून काचेपाशी गेलो. साहेबही मागून आले, चहाचा मग घेऊन. अंगणातला कंदील लागलेला होता, काचेत वरच्या अंगाला, नेहमीसारखा थरथरत. मी बत्ती उचलणार तेवढ्यात त्याच्या खाली आणखी एक ठिपका आला. काचेत खाली, म्हणजे धाब्यावर. तो तीनदा झटझट खाली गेला. थांबला. पुन्हा तीनदा.

मी डोळा काढून चोळला, पुन्हा लावला. दोन होते. धाब्यावरचा झटझट, अंगणातला त्याच्या मागून हळूहळू.

‘‘काय रे?’’ साहेब म्हणाले.

‘‘सुट्टी मिळाली असेल, साहेब.’’

‘‘कुणाला?’’

मी बाजूला सरकलो. त्यांनी डोळा लावला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘उद्या वीज सुटेपर्यंत मी तुला सोडू शकत नाही, देवराव.’’

मी म्हटलं, मी मागितलेलंच नाही. आणि ते खरं होतं, जरी माझे पाय उतरणीकडेच लागले होते. उद्या मी उतरेन तोवर ती अकोल्याच्या मोटारीत बसलेली असेल.

मग मी गॅसबत्ती घेतली आणि हलवत राहिलो. हात भरून आला तरी ठेवली नाही. या वेळी मी आधी ठेवणार नव्हतो. धाब्यावरचाही ठेवायचं नाव घेईना. खाली केशरबाईनं बाला सांगितलं असेल, दिसून राह्यला म्हणून.